हिरव्या चिंधीची काठी

मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रत माझ्यापाशी आहे. लोखंडी कपाटात, सालवार, दोऱ्याने बांधलेली. एकाच गोष्टीची स्थळप्रत नाही, कारण ती मी कधी कागदावर येऊच दिली नाही. कागदावर नाही, तोंडावाटेही नाही. बायकोपाशी नाही, थोरल्या भावापाशी नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही — खरे सांगतो — मी दुसरेच काहीतरी बोललो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही. पण ज्याची भीड नाही अशा माणसाला मित्र धरून बोलणे आज मला जमेल असे वाटते.

प्रथम मी कोण ते नोंदवतो. मी सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होतो, चौतीस वर्षे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझी मोजणीची साखळी पडली नाही असे शिवार थोडे. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, पण हद्दीचा दगड जिथे निघाला तिथेच रोवला. हद्दीची खूण हलवणे हा गुन्हा आहे, हे मी शेकडो माणसांना बोट रोखून ऐकवले आहे. निवृत्त झालो, शिनोलीला घर बांधले आणि पत्रव्यवहाराला लागलो. घोडेगावच्या स्टँडवर प्यायच्या पाण्याचा नळ का नाही? आळेफाट्याकडे जाताना गतिरोधकांवर पांढरे पट्टे का नाहीत? अर्ज, स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, माहितीचा अधिकार, अपील. लोक मला रागीट म्हणतात. मी रागीट आहे. नियम पायदळी तुडवणाऱ्यावर माणसाने चिडू नये, तर काय त्याला ओवाळावे? त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती ज्याला मी राग म्हणालो त्या दुसऱ्याच एका गोष्टीची. त्याकडे येतो.

माझी पत्नी सुमन कोकणातल्या खाडीकाठची. तिच्या वडिलांची शिडाची होडी होती. सुमन दहा वर्षांची असल्यापासून सुकाणू धरत असे. लग्न होऊन ती आमच्याकडे घाटावर आली आणि चाळीस वर्षे विहिरीपलीकडे पाणी तिने पाहिले नाही. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, आयुष्यभर मी तुमच्या मागे जमिनीवर फिरले. आता चार दिवस तुम्ही माझ्या मागे पाण्यावर या." हे वाक्य तिने इतक्या शांतपणे म्हटले की मी त्याच दिवशी होडीची चौकशी सुरू केली.

होडी कोकणात नवी कोरी बांधून घेतली. बावीस फुटी, पांढरी, आत दोन माणसे झोपतील एवढी खोली, शेगडी, वर डोलकाठी. लोक तिला यॉट म्हणत; सुमन होडीच म्हणे. मालवाहू गाडीवर चढवून माळशेज घाटाने वर आणली, तेव्हा आळेफाट्यावर चहाला थांबलो तर तिच्याभोवती बाजार भरला. एकाने मला विचारले, "भाऊ, कुठल्या जत्रंला चाललाय हा पाळणा?" सुमन पोट धरून हसली. धरणाच्या फुगवट्यावर होडी चालवण्याची परवानगी मी अकरा पत्रे लिहून मिळवली होती. ते परवानगीपत्र काचेत मढवून मी आतल्या खोलीत टांगले. सुमन म्हणाली, गणपतीचा फोटो लावतात तिथे माणसाने हे लावले.

चैत्र संपता संपता आम्ही डिंभे धरणाच्या पाण्यावर राहायला गेलो. तो उन्हाळा कसा होता, हे सांगायला मला शब्द कमी पडत नाहीत, फक्त ते वापरायचा हक्क मला उरला आहे की नाही, एवढीच शंका आहे. सकाळी पाणी तव्यासारखे सपाट असे. दुपारी पश्चिमेकडून, डोंगराच्या खिंडीतून वारा सुटे. सुमन शीड उभारी, आणि साठीकडे झुकलेली ती बाई पदर खोचून दोरी ताणताना पाहिली की मला वाटे, हिला मी चाळीस वर्षे ओळखतच नव्हतो. आज या काठाला नांगर, उद्या त्या. काठावरच्या बायका करवंदे आणून देत, सुमन त्यांना लोणच्याच्या फोडी देई. वरईचा भात, नाचणीची भाकरी, पाण्यात सोडलेले पाय. पहिल्या महिन्यात मी एकही पत्र लिहिले नाही. खोटे कशाला — एक लिहिले, पण ते पाठवले नाही.

धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरते आणि खालचे गाव वर येऊ लागते. आधी झाडांची खोडे, मग भिंतींची डोकी. पाण्याखाली हातभर असलेली भिंत वरून दिसत नाही, आणि पलीकडच्या वाड्यांतल्या माणसांना बाजाराला, दवाखान्याला, एसटीला यायचे तर पाण्यावरूनच यावे लागते. त्यांना आणत असत गेणूभाऊ, साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांची एक मोठी लाकडी नाव होती, पडाव, मागे मोटार लावलेली. वीस वर्षे ते ही फेरी करत होते आणि दर उन्हाळ्यात बुडलेल्या भिंतींपाशी बांबूच्या काठ्या रोवत होते. पाणी उतरेल तशी आठवड्याला जागा बदलत असत. काठीच्या शेंड्याला चिंधी असे, आणि ज्या घराची भिंत, त्याच घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी. पडावात बसलेली माणसे काठी पाहून सांगत — ही आमची पडवी, हा कोंडाजीचा गोठा. सुमनने आठ दिवसांत सगळ्या चिंध्या पाठ केल्या. मला त्या काठ्यांत एकच गोष्ट दिसली. त्यांवर कुणाचा शिक्का नव्हता.

आमची नांगर टाकायची आवडती जागा एका हिरव्या चिंधीच्या काठीशेजारी होती. एका दुपारी वाऱ्याने होडी फिरली आणि त्या काठीने नव्या रंगावर वीतभर ओरखडा काढला. वीतभर. मी तो मोजला.

दुसऱ्या दिवशी गेणूभाऊंचा पडाव जवळून जात असताना मी त्यांना थांबवले. पडावात दहा-बारा माणसे होती. माझ्या हातात जुन्या गावठाणाच्या नकाशाची नक्कल होती. ती मी नोकरीत असतानाच काढून ठेवलेली. मी नकाशा उघडून दाखवला आणि विचारले, या जागी मोकळी जमीन आहे, घर नाही, भिंत नाही. मग इथे काठी रोवण्याचा तुम्हाला अधिकार काय?

गेणूभाऊंनी नकाशाकडे नीट पाहिले. मग म्हणाले, "सायेब, तुमच्या कागदावर मोकळी आसंल. मोजणी झाल्यावर सखूबाईनं तितं घर बांधलं. धरण व्हणार हाय ह्ये तिला कुणी सांगितलंच न्हाई."

पडावाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, पलीकडच्या वाडीची यमुनाबाई बसली होती. हिरड्याची पिशवी मांडीवर, तोंडात मिश्री. ती म्हणाली, "घर बगायचं आसंल तर मारा की बुडी, पावणं."

सगळे हसले. गेणूभाऊही हसले आणि म्हणाले, "राव, तुमची साखळी जिमिनीवरची. पाण्यावर आमचीच चालती."

त्यात कुजकेपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळले. पण माझ्या मागे सुमनही हसत होती. मी नकाशाची घडी घातली. घडी नीट बसेना, ती मी तीन वेळा घातली.

आणि मग मी काय केले? मी जे आयुष्यभर केले तेच. अर्ज. जलाशयात काही इसमांनी विनापरवाना काठ्या रोवल्या असून त्या कोणी, कोणाच्या आदेशाने रोवल्या, याची माहिती मिळावी. संबंधित कार्यालयाचे उत्तर तीन आठवड्यांत आले. इतके तत्पर उत्तर मला पूर्वी कधी मिळाले नव्हते. सदर काठ्यांबाबत या कार्यालयाच्या अभिलेखात कोणतीही नोंद आढळून येत नाही. मी ते काठावरच्या झाडाखाली उभा राहून वाचले आणि माझ्या मनात सगळे अगदी व्यवस्थित जुळून आले. नोंद नाही, म्हणजे ती खूण नाही. खूण नाही, म्हणजे ते अतिक्रमण. आता तुम्ही विचाराल, अतिक्रमण हटवण्याचा अधिकार एखाद्या नागरिकाला असतो का? नसतो. मला विचारा, मी ते लोकांना समजावून सांगण्याचा पगार घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन लहान होडक्यातून दूध आणायला काठावर गेली होती. मी होडीच्या नाळेवर गेलो आणि हिरव्या चिंधीची काठी उपटली.

लिहिले. चार वर्षांत पहिल्यांदा.

काठी मी पाण्यात सोडून दिली. वारा सुटल्यावर ती हळूहळू भिंतीकडे — धरणाच्या भिंतीकडे — वाहत गेली आणि पाला-काटक्यांत मिसळून गेली. सुमन परत आली, तिने चहा केला, मी तो प्यालो. चहा चांगला झाला होता.

एक गोष्ट मी वर लिहायची टाळली. तीही आता लिहितो, नाहीतर हा कागद त्या दुसऱ्या कागदासारखाच होईल — त्याच्याकडेही येतो. काठी उपटताना मी पाण्यावर वाकलो होतो. पाणी स्वच्छ होते. खाली सखूबाईच्या भिंतीचे दगड मला दिसले — हातभर खाली, ओळीने, चांगल्या गवंड्याने रचलेले. माझा नकाशा चुकीचा होता आणि तो माणूस बरोबर होता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पाहून उपटली. कशासाठी? मला वाटत होते, उद्या त्याचा पडाव इथे खरडावा. नुसता खरडावा. एकदा लोकांनी त्याच्यावर हसावे. याला तुम्ही राग म्हणाल? मी चार वर्षे म्हणत आलो. याला राग म्हणत नाहीत.

त्याच दुपारी गेणूभाऊ चौदा माणसे घेऊन पलीकडून निघाले. ऊन समोरून डोळ्यांवर होते. हिरवी चिंधी डाव्या हाताला ठेवून वळायचे, ही त्यांची वीस वर्षांची वाट. हिरवी दिसेना, तेव्हा पुढची पिवळी हीच हिरवी, असे उन्हात त्यांनी धरले आणि पडाव सरळ सखूबाईच्या भिंतीवर नेला. सकाळची जागा सोडून आम्ही शंभर पावलांवर नांगर टाकून होतो. लाकूड फुटल्याचा आवाज आला. पडाव एका अंगावर कलला आणि माणसे पाण्यात पडली. भिंतीवर पाणी गुडघ्याएवढेच होते, तिथे उभे राहता येत होते; कुणी बुडाले नाही. पण यमुनाबाई नाळेवरून दगडांवर पडली आणि पडावाची कड तिच्या कमरेवर आली.

सुमनने दोन मिनिटांत होडी तिथे नेली. आम्ही यमुनाबाईला वर घेतले. ज्या बिछान्यावर मी झोपत असे त्यावर तिला ठेवले, काठाला आणले, तिथून जीपने दवाखान्यात. तिचे खुब्याचे हाड मोडले होते. ती जगली, पण डोंगरावर हिरडा वेचायला पुन्हा गेली नाही. दवाखान्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पावणं, तुमी व्हता म्हून वाचले." तो हात मी सोडवून घेतला नाही. तो सोडवून घ्यावा, असे मला वाटलेही नाही, कारण त्या क्षणी मला — ऐका हे — स्वतःचा अभिमान वाटत होता.

परत येताना सुमनने विचारले, "अहो, तिथे हिरवी काठी होती ना?"

मी म्हणालो, "तुझा गोंधळ होतोय. ती चार दिवसांपूर्वीच त्याने काढली."

ती म्हणाली, "असेल." ज्या बाईला सगळ्या काठ्यांच्या चिंध्या पाठ होत्या, तिने माझ्या शब्दावर आपल्या डोळ्यांवरचा विश्वास टाकून दिला. मी तो टाकू दिला.

आठवड्याने चौकशी लागली. गेणूभाऊ आमच्याकडे शिनोलीला आले. ओट्यावर बसले, आत आले नाहीत. म्हणाले, "सायेब, तुमी कायद्याचं माणूस. तुमी समूर व्हता. माज्या बाजूनं दोन वळी लिवा. मी काठी रवली व्हती, एवढंच लिवा."

मी लिहिले. तीन पाने. माझ्या आयुष्यातले सर्वांत निर्दोष लेखन ते. वाऱ्याची दिशा, पाण्याची उंची, प्रवाशांची संख्या, गेणूभाऊंची वीस वर्षांची निष्कलंक सेवा, सगळे त्यात होते आणि सगळे खरे होते. दुसऱ्या पानावर एक वाक्य होते: अपघातसमयी मी सदर ठिकाणाचे अवलोकन केले असता तेथे कोणतीही काठी नव्हती. हे वाक्य न्यायालयात कुणीही खोटे ठरवू शकले नसते. काठी नव्हतीच. तपासणाऱ्यांनी तेच एक वाक्य अधोरेखित केले. फेरीचा परवाना पुढे मिळाला नाही, आणि गावाने मला लोकांचे प्राण वाचवल्याबद्दल शाल-श्रीफळ दिले. शाल मी घेतली. भाषणही केले, जलसुरक्षेवर.

परवाना गेला, हे तरी भरून येण्यासारखे होते. मी स्वतःच अपील लिहून दिले असते. मनात मसुदाही तयार होता. पण तोवर वेगळेच घडले. गेणूभाऊंनी भांडणे सोडून दिले. त्या कार्यक्रमानंतर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सायेब, तुमचंच खरं. तुमी खोटं लिवनार न्हाई. माजीच चुकी झाली आसंल. मला वाटलं व्हतं, मी रवली. आता इसर पडाय लागलाय."

तेव्हा सांगता आले असते. मंडपात लोक होते, माझ्या खांद्यावर शाल होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, वयोमानाने होते असे.

होडी आम्ही पुढच्या उन्हाळ्यात काढली नाही. सुमन म्हणाली, आता माझा डोळ्यांवर भरवसा नाही, पाण्यावर नको. ताडपत्रीखाली ती आजही उभी आहे. मी पुन्हा पत्रे लिहू लागलो. घोडेगावला नळ आला. लोक मला नमस्कार करतात.

मागच्या महिन्यात आळ्याच्या बाजारात गेणूभाऊंची मुलगी भेटली. ती निमगाव सावाला दिली आहे आणि गेणूभाऊ आता तिच्याकडे असतात. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. बापाचे कसे चालले आहे, असे मी विचारले, जसे कुणीही विचारेल. ती म्हणाली, काही काम करत नाहीत. दाराला कडी लावतात आणि रस्त्यातून परत येऊन बघतात, लावली का. शेळी बांधतात आणि दोनदा जाऊन दावे हाताने चाचपतात. विळ्याला हात लावत नाहीत, नातवाला उचलून घेत नाहीत.

"डाक्टरला दावलं," ती म्हणाली. "त्यो म्हनला, इसर न्हाई, आजार काय न्हाई, समदं ठणठणीत हाय. पर दादांना पटंना. म्हंत्यात, येकदा चौदा माणसं बुडवाया निघालो व्हतो, मला माहीत हाय मी कसा हाय."

मी तिच्याकडून कोथिंबीर घेतली. घरी येईपर्यंत पिशवी घट्ट धरून होतो.

तुम्ही मला माफ करावे, यासाठी हे लिहिलेले नाही. ते तुमच्या अधिकारातले नाही, आणि मी तसा अर्ज कुणाकडेही करणार नाही. वयाचे, अपमानाचे, कायद्याचे कारणही पुढे करत नाही. काठी मी उपटली आणि जबाबातले ते एक वाक्य कोणत्या हेतूने लिहिले, हे स्वाक्षरीनिशी संबंधित कार्यालयाला आजच टपालाने कळवतो आहे. त्यावर त्यांनी जी कारवाई करायची ती करावी. हा कागद आधी सुमनच्या हातात देणार आहे. तिला हिरवी काठी दिसली होती, हे तिला कळले पाहिजे. यमुनाबाईकडे त्यानंतर जाईन. उद्या सकाळच्या गाडीने निमगाव सावाला.

गेणूभाऊंना वाचता येत नाही. म्हणून पुढच्या ओळी त्यांच्यासाठी लिहिल्या आहेत, त्यांच्या मुलीसमोर आणि नातवासमोर मोठ्याने वाचायला.

गेणूभाऊ, सखूबाईच्या भिंतीपाशी काठी होती. तुम्हीच ती रोवली होती. बुडाशी दगडांची पाचर मारली होती. ती एका हाताने निघाली नाही. मी दोन्ही हात लावले, गुडघा होडीच्या कठड्याला टेकवला आणि तीनदा ओढली. माझ्या तळहातांची साले निघाली, तेव्हा कुठे ती सुटली. इतकी पक्की तुम्ही रोवली होती.